पोरं कुठं ठेवता?

(किनारपट्टीच्या जिल्ह्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात, 'एकट्या स्त्रीचं स्थलांतर' या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

दुपारचं जेवण झालंय, पंखे संथ फिरतायत, आणि अशा वेळी भाषण ऐकायचं म्हणजे शिक्षाच. म्हणून आधी तुम्हालाच कामाला लावते. आज आपण ज्या गावात राहतो ते गाव ज्यांनी स्वतः निवडलं, त्यांनी हात वर करा. लग्न होऊन गेलात तर हात नको. नवऱ्याची बदली झाली म्हणून गेलात, तरी नको. 'आपण इथे राहायचं' असं स्वतः ठरवून जिने बिऱ्हाड हलवलं, तिनेच हात वर करायचा.

साठेक जणींत पाच हात. आता त्या पाच जणींपैकी त्या वेळी लहान मुलं सोबत होती, अशा किती? दोन.

मला नवल वाटत नाही. २०११च्या जनगणनेत गाव बदललेल्या स्त्रियांच्या नावापुढे जी कारणं नोंदवली गेली, त्यांत सगळ्यात मोठं कारण लग्न हेच होतं. म्हणजे या देशातल्या बायका गाव सोडतात त्या मुख्यतः कुणाच्या तरी घरी जायला. आपण त्याला स्थलांतर म्हणतसुद्धा नाही. 'दिली' म्हणतो. सोलापूरला दिली, चिपळूणला दिली.

माझे वडील बँकेत होते. माझ्या लहानपणी आमच्या सात बदल्या झाल्या. प्रत्येक नव्या गावात दुसऱ्या दिवशी सकाळी दूध कुठे मिळतं, पाणी किती वाजता येतं, शेजारच्या कुठल्या बाईवर मुलं टाकून बाजारात जाता येईल, हे आईला पाठ असायचं. वडिलांना हे सहा महिन्यांनीही माहीत नसायचं. पण आता कुठे जायचं, हे आईला कुणी एकदाही विचारलं नाही. गाव पुरुषानं ठरवायचं आणि ते निभवायचं मात्र बाईनं. घरोघरी हेच असल्यामुळे आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

नाही म्हणायला आपल्याकडे मोठी उदाहरणं आहेत. पंडिता रमाबाईंचे पती १८८२ मध्ये वारले तेव्हा मनोरमा वर्षाचीही नव्हती. त्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या. १८८३ मध्ये मनोरमा दोन वर्षांची असताना तिला घेऊन समुद्र ओलांडून इंग्लंडला गेल्या. १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. आपण त्यांना विदुषी म्हणून ओळखतो, समाजसुधारक म्हणून ओळखतो. कडेवर मूल घेऊन एकामागून एक गावं बदलणारी आणि ती स्वतः ठरवणारी बाई, अशी त्यांची ओळख आपण कुणाला करून देत नाही. आपल्या केंद्रात येणाऱ्या बाईला खरं तर तीच ओळख जास्त कामाची आहे.

आता माझ्या हातून झालेल्या चुकीबद्दल सांगते. त्यासाठीच मी हे सत्र मागून घेतलं.

मी ज्या समुपदेशन केंद्रात काम करते तिथे २०२२ च्या दिवाळीनंतर सांगोल्याच्या बाजूची एक बाई आली. तिचं नाव मी सांगणार नाही. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. मारहाणीचा इतिहास नेहमीचाच, तो इथे उगाळत नाही. माहेरी भाऊ-भावजय. 'चार दिवस राहा' म्हणणारी माहेरची माणसं पाचव्या दिवशी काय म्हणतात ते आपल्याला माहीत आहे. ती म्हणाली, "ताई, मला घाटाखाली जायचंय. दर्याकडं."

मी विचारलं, "दर्याकडेच का?"

"घाट उतरलं की सासरची माणसं सारखी येऊन धिंगाणा घालायची न्हाईत. आन तिकडं बायांच्या हाताला काम असतंय म्हंत्यात."

दोन्ही कारणं शहाणपणाची होती. पण मी एम. एस. डब्ल्यू. झालेली, माझ्याकडे पद्धत होती. मी कागद घेतला. मुंबई, गोवा, रत्नागिरी अशी तीन नावं लिहिली आणि प्रत्येकाखाली फायदे-तोटे.

गोव्यात तिच्या गावची एक बाई हॉटेलात कामाला होती. तिथे सरकारी मराठी प्राथमिक शाळा आहेत, म्हणजे मुलीची भाषा बदलणार नव्हती. पण हॉटेलांचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात अनेकींना घरी बसवतात. शिवाय ते दुसरं राज्य. तिथल्या कित्येक सरकारी योजनांना पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट असते. रत्नागिरी मला लहान वाटली, तिथे काय काम मिळणार? मुंबईत काम भरपूर, महापालिकेची मोठी रुग्णालयं, स्त्रियांच्या संघटना, आणि गर्दीत बाई हरवून जाते हा तिच्या दृष्टीनं फायदाच. तिचा एक चुलत मामा उपनगरात राहत होता. मी मुंबईवर खूण केली. एका ओळखीच्या कार्यकर्तीला फोन केला, दोन घरची कामं ठरवून दिली. तिला विचारलं, "चालेल ना?" ती "व्हय" म्हणाली. तुमच्या-माझ्यासारखीनं टेबलापलीकडून विचारलं, तर बाई "व्हय"च म्हणते.

पाच महिन्यांनी ती परत आली. मुलाच्या उजव्या हातावर भाजल्याचा वण होता.

झालं होतं असं. कामं सकाळी सातपासून. अंगणवाडी उघडायची दहाला आणि दुपारी बंद. मधल्या वेळात मुलाला कोण बघणार? मामाच्या घरी सगळेच कामावर जाणारे. म्हणून सात वर्षांच्या मुलीनं भावाला सांभाळायचं आणि बाहेरून कडी. मुलीची शाळा सुटली ती सुटलीच. एक दिवस भूक लागली म्हणून मुलीनं चहा टाकला, आधण धाकट्याच्या हातावर सांडलं. शेजाऱ्यांनी कडी काढून पोरांना बाहेर आणलं. त्या रात्री मामा म्हणाला, "पोरं बापाकडं धाड, तू एकटी राहा हितं." ती दुसऱ्या दिवशी गाडीत बसली.

मी तिला कायदा समजावला होता, काम मिळवून दिलं होतं, राहायला छप्पर बघितलं होतं. मी एकच प्रश्न विचारला नव्हता: सात ते दहा या तीन तासांत मूल कुणाजवळ? हा प्रश्न माझ्या आईला प्रत्येक गावात पहिल्या दिवशी पडायचा. दोन वर्षं समाजकार्य शिकून आलेल्या मला तो पडला नाही.

आणि त्याहून मोठी गोष्ट. तिनं कुठे राहायचं हे आधी नवरा ठरवत होता, मग भाऊ ठरवायला लागला, आणि नंतर ते मी ठरवलं. माझा हेतू चांगला होता. हेतू चांगला असल्याचं भाऊही सांगतोच.

दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, "ताई, आता माझी मी बघून येते." मार्च २०२३ पासून एस. टी. मध्ये स्त्रियांना अर्धं तिकीट झालं होतं. मे महिन्यात मुलं बहिणीकडे ठेवून ती मिरज-कोल्हापूर करत आंबा घाट उतरून एकटी रत्नागिरीला गेली. दोन दिवस राहिली. परत आल्यावर तिनं जे सांगितलं ते मी लिहून घेतलं, कारण माझ्या अभ्यासक्रमात ते नव्हतं.

ती पहाटे मिरकरवाड्याच्या बंदरावर गेली. कामासाठी नाही, बघायला. मासळी निवडणाऱ्या, टोपल्या उचलणाऱ्या, विकायला निघालेल्या बायका. ती प्रत्येकीला एकच विचारत गेली, "पोरं कुठं ठेवता?" पगार किती, हे तिनं दुपारपर्यंत कुणाला विचारलं नाही.

कुणी म्हणाली सासूकडे. कुणी म्हणाली मोठ्या मुलीकडे. ते उत्तर तिला ओळखीचं होतं, म्हणून तिथून ती पुढे सरकली. कोळंबी सोलायला जाणारी एक म्हणाली, "माल आला की बोलावणं, रात्री आला तर रात्री." किलोवर पैसे आणि वेळेचा पत्ता नाही. म्हणजे ते काम आपल्या कामाचं नाही, असं तिनं तिथेच ठरवलं. शिवाय बायकांनीच सांगितलं की जून-जुलैला मासेमारीला बंदी असते, तेव्हा बंदरावर शुकशुकाट. दुपारी ती शहरात फिरली. एका खानावळीत पोळ्या लाटायला बाई हवी होती, सकाळी आणि संध्याकाळी. मालकीण स्वतः भटारखान्यात उभी राहायची. तिनं विचारलं, "संध्याकाळी पोरं हितं कोपऱ्यात बसली तर चालंल का?" मालकीण थोडा विचार करून म्हणाली, "चुलीपासून लांब बसली तर चालेल."

मग खोली. दोन मिळत होत्या. एक स्वस्त, खाडीच्या अंगाला. दुसरी महिन्याला पाचशे रुपयांनी महाग, चढावर, एका चाळवजा ओळीत. त्या ओळीच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती, जन्मभर मासळी विकून आता गुडघ्यांनी बसलेली. तिनं हाक मारली, "कुठची गो तू?" बोलता बोलता हिनं विचारलं, "पावसात पाणी कुठवर येतं?" म्हातारीनं खालच्या खोल्यांकडे बोट दाखवलं आणि कमरेला हात लावला. "आणि तुम्ही दिवसभर हितंच असता?" "मी कुठे जाणार?" हिनं महागातली खोली घेतली. मला म्हणाली, "पाचशे रुपये खोलीचं न्हाईत ताई, त्या म्हातारीचं हायेत."

मैत्रिणींनो, बाईची नजर कशावर होती ते बघा. आपण गावाकडे बघतो तेव्हा पगार, भाडं, दवाखाना, शाळा असे वेगवेगळे रकाने करतो. तिनं दिवसाचे तास मोजले आणि प्रत्येक तासाला मुलांजवळ कोण, हे बघितलं. जिथे तास रिकामा राहत होता ते काम सोडलं, ती खोली सोडली. लहान मुलं असणाऱ्या बाईला शहर निवडायचं असेल तर ते असंच निवडावं लागतं, कारण मूल सांभाळण्याचं काम आपल्या समाजानं अजून कुणाच्याच नावावर लिहिलेलं नाही. ते फुकट आणि एकटीनं करायचं काम आहे, असंच सगळे धरून चालतात. कारखान्याची वेळ ठरवणारा, अंगणवाडीची वेळ ठरवणारा आणि लोकलचं वेळापत्रक करणारा एकमेकांशी बोलत नाहीत. त्या तिघांच्या मधल्या फटीत आपली मुलं पडतात.

१५ जूनच्या सुमाराला शाळा उघडतात, त्या आधी ती रत्नागिरीला गेली. इथून पुढचं थोडं कायद्याचं सांगते, कारण 'गाव सोडलं तर सगळे हक्क गेले' अशी भीती बायकांना घातली जाते आणि आपल्यातल्याही काही जणी ती खरी मानतात.

पहिली गोष्ट. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा, जो ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, त्याच्या कलम २७ प्रमाणे बाई जिथे राहते, तात्पुरती का होईना, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. या कायद्यात राहण्याची सोय, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, सगळं मागता येतं. हा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना आहे. दुसरी, पोटगी. पूर्वीचं कलम १२५, आता १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. तोही अर्ज बायको राहते त्या जिल्ह्यात करता येतो. तिसरी, छळाची फौजदारी तक्रार. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रूपाली देवी खटल्यात सांगितलं की सासरहून निघून बाईनं जिथे आसरा घेतला तिथेही ४९८ अ खाली तक्रार चालू शकते. ते कलम आता न्याय संहितेत ८५ व्या क्रमांकावर आहे.

आमच्या बाईनं रत्नागिरीतच अर्ज केला. आता तारखेला घाट त्याला उतरावा लागतो.

मुलांच्या ताब्याबद्दल मात्र जपून. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं असं म्हटलंय. १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आईच्या नैसर्गिक पालकत्वाला वडील हयात असतानाही जागा करून दिली. पण ताब्याचा दावा मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात चालतो आणि न्यायालय शेवटी मुलाचं हित बघतं. म्हणून नव्या गावात पाऊल टाकल्याबरोबर मुलांच्या नोंदी करून घ्या. अंगणवाडीचं रजिस्टर, लसीकरणाचं कार्ड, शाळेचा दाखला हे कागद उद्या साक्षीदार होतात. आणि ताब्याचा खटला आधीच चालू असेल, किंवा बापाला मुलं भेटवण्याचा हुकूम झालेला असेल, तर न्यायालयाला सांगितल्याशिवाय मुलं हलवू नका. आपल्या उत्साहापायी बाई अडचणीत येते.

शाळेबद्दल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात प्रवेश मिळतो. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून, वयाचा पुरावा नाही म्हणून, वर्षाच्या मध्येच आलं म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. हे तोंडपाठ करून बाईबरोबर शाळेत जा. रत्नागिरीच्या शाळेत मुलीला पहिल्याच दिवशी बसवून घेतलं, दाखला दीड महिन्यानं आला.

रेशनचं. आता एका गावच्या कार्डावर दुसऱ्या गावात, दुसऱ्या राज्यातही धान्य उचलता येतं, आपल्या वाट्याचंच. त्यासाठी कार्डावर बाईचं आणि मुलांचं नाव आणि आधार जोडलेलं हवं. म्हणून घर सोडण्याआधी निदान कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवायला सांगा. वसतिगृहाबद्दल, केंद्राच्या सखी निवास योजनेत नोकरी करणाऱ्या बाईबरोबर मुलगी अठरा वर्षांची आणि मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत राहू शकतो. ही वसतिगृहं आहेत किती आणि कुठे, हे आपण प्रत्येकीनं आपल्या जिल्ह्यात शोधायचं. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची 'पाळणा' योजनाही कागदावर आहे. ती आपल्या वॉर्डात उतरवून घ्यायची असेल तर महिला व बालविकास कार्यालयाच्या पायऱ्या आपल्यालाच झिजवाव्या लागतील.

आता कामाचं बोलते. इथे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या गटांच्या मैत्रिणी आहेत, गोव्याच्याही दोघी आहेत. आपल्याकडे देशावरून मुलं घेऊन येणाऱ्या बायका वाढतायत. प्रत्येकीनं बंदरावर जाऊन पहाटे विचारत फिरावं असं आपण म्हणू शकत नाही. म्हणून माझी विनंती अशी की प्रत्येक गटानं आपल्या शहराची एक वही करावी. सरकारी माहितीपुस्तिकेसारखी नको, आईला लागते तशी. प्रश्न मी सांगते, तुम्ही भर घाला.

एक: पोरं कुठं ठेवता? कुठल्या वस्तीत अंगणवाडी किती वाजता उघडते, किती वाजता बंद होते. पाळणाघर आहे का, कितीला. ओट्यावर बसणारी म्हातारी कुठे आहे, हेही लिहा. तिला काही देता येईल का, याचाही विचार करा. सांभाळणारीही बाईच असते, तिचं काम फुकटात धरू नका.

दोन: काम बारमाही की हंगामी? मासळीला बंदीचे महिने, आंब्याची पेट्या भरायची धावपळ एप्रिल-मेची, गोव्यातली हॉटेलं पावसात थंड. काजूच्या कारखान्यात सोलताना तेलानं बोटं भाजतात, तेही लिहा.

तीन: पावसात पाणी कुठवर येतं? २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं रायगडात घरांवरची छपरं नेली. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. एकट्या बाईला परवडणारी खोली बहुतेक वेळा सखल भागातच असते. भिंतीवरची पाण्याची खूण बघूनच अनामत द्यायला सांगा. पुराच्या पाण्यात मुलांना खेळू देऊ नये, लेप्टोस्पायरोसिसचा ताप त्यातून येतो, हे देशावरून आलेल्या आईला माहीत नसतं.

चार: उन्हाळ्यात पाणी किती वाजता येतं? रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी कोकणातल्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. पहाटे चारला नळ येत असेल, तर त्या बाईची झोप किती तास, ते मोजा.

पाच: मूल रात्री फणफणलं तर सरकारी दवाखाना किती लांब, आणि त्या वेळी रिक्षा मिळते का?

सहा: एकट्या बाईला खोली कोण देतं? भाडेकरार तिच्या नावानं करतात का? कारण तो कागद हाच पुढे तिच्या पत्त्याचा पुरावा.

सात: शाळेत बोलतात ती भाषा मुलांना समजते का? मराठी आहे एवढ्यावर थांबू नका. माणदेशी बोलणाऱ्या मुलाला वर्गात हसतात का, ते बघा.

आठ: आपली चार माणसं कोण? कुठला बचत गट नव्या बाईला घेतो? अडीअडचणीला १८१ वर फोन केला तर प्रत्यक्षात कोण येतं?

वही झाली की ती बाईच्या हातात द्या आणि गप्प बसा. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, मला तर फारच. तिला दोन दिवस जाऊन बघून यायला तिकिटाचे पैसे द्या, तेवढे दिवस तिची मुलं सांभाळा. मग ती म्हणेल ते गाव. तुम्हाला ते पटलं नाही तरी. तिचा निर्णय चुकला तरी तो तिचा असेल, आणि स्वतःचा निर्णय चुकला तर माणूस तो बदलतो. माझा चुकलेला निर्णय बदलायला तिला आधी माझी परवानगी घ्यावी लागेल असं वाटलं, म्हणून ती मुंबईत पाच महिने गप्प राहिली. हे तिनं मला नंतर सांगितलं. तो वण त्या पाच महिन्यांतला आहे.

आज तिचं सगळं छान चाललंय असं मी सांगणार नाही. पोटगीचा हुकूम झालाय, पैसे दोनदाच आले. नवऱ्यानं मुलांच्या ताब्यासाठी अर्ज केलाय. ओट्यावरची म्हातारी गेल्या पावसाळ्यात आजारी होती, तेव्हा पुन्हा तासांची जुळवाजुळव करावी लागली. त्या वेळी खानावळीतल्या दोघी आणि ही, अशा तिघींनी आळीपाळीनं एकमेकींची मुलं सांभाळायला सुरुवात केली, ती अजून चालू आहे. आम्ही तिला हे सुचवलं नव्हतं. आता शेजारच्या वस्तीतल्या आणखी चौघी विचारतायत, म्हणून तिथल्या गटानं एक खोली बघायला घेतली आहे.

मी एकदा तिला विचारलं, "समुद्र बघितलात का?" ती हसली. जूनमध्ये गेलेली बाई मुलांना घेऊन वाळूवर गेली ती दिवाळीच्या सुट्टीत. तोवर वेळच नव्हता.

आता मी थांबते. संध्याकाळच्या गटचर्चेला प्रत्येक जिल्ह्यानं कोरी वही घेऊन बसायचं आहे. पहिल्या पानावर काय लिहायचं ते तुम्हाला माहीत आहे.